सकाळच्या बसआधीचं पोई-सँडविच

कोल्हापूरहून नोकरीसाठी फोंड्याला आलेल्या एका मुलीने विचारलं आहे: "काकी, कुंडईच्या फॅक्टरीची बस साडेसातला सुटते. खोलीवर एक शेगडी, एक तवा आणि दोन पातेली आहेत. टोस्टर नाही. घरमालकिणीच्या फ्रीजमध्ये एक कप्पा मिळतो. बाहेर सँडविच घेतलं की साठ रुपये जातात. मी पाकिटातला ब्रेड आणून चटणी, काकडी, टोमॅटो घालून नेते, पण कंपनीत डबा उघडेपर्यंत त्याचा लगदा होतो. दहा मिनिटांत, स्वस्तात, चांगलं सँडविच घरी कसं करायचं?"

बाळा, फोंड्यातच आमचं नाश्त्याचं छोटं हॉटेल होतं. बावीस वर्षं मी पहाटे साडेचारला शेगडी पेटवली. भाजी-पाव, ऑम्लेट-पाव आणि बसने जाणाऱ्यांसाठी बांधून द्यायची पाकिटं, असं आमचं काम. तुझा लगदा मीही केला आहे. पहिल्या पावसाळ्यात मी पहाटे पाच वाजता पावाला चटणी लावून, त्यावर टोमॅटोच्या चकत्या ठेवून पंचवीस-तीस पाकिटं बांधून ठेवायची. आठ वाजता ती नेणारी माणसं दुसऱ्या दिवशी यायची बंद झाली. कुणी तक्रार केली नाही, म्हणून कारण कळायला मला पंधरा दिवस लागले. एके दिवशी उरलेलं पाकीट दहा वाजता मीच उघडलं तेव्हा समजलं. चव ठीक होती, पण पाव हातात धरवत नव्हता.

म्हणून आधी पावाचं बोलते. सँडविच बिघडतं ते नव्वद टक्के पावामुळे आणि पावाला लागलेल्या पाण्यामुळे. आत काय भरायचं हा नंतरचा प्रश्न.

तू गोव्यात आहेस आणि पाकिटातला कापलेला ब्रेड आणतेस, याचं मला खरंच वाईट वाटलं. चाळीस-पन्नास रुपयांचं पाकीट घ्यायचं, एकट्या माणसाचं ते चार दिवस संपत नाही, पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी कडेला हिरवट ठिपका दिसतो आणि उरलेलं फेकायचं. इथे रोज पहाटे दारावरून पोदेर, म्हणजे पाववाला जातो. सायकलच्या मागे मोठी टोपली, वर निळं नाहीतर पिवळं प्लास्टिक आणि रबरी भोंग्याचा पों-पों आवाज. तुझ्या गल्लीत तो किती वाजता येतो ते घरमालकिणीला विचार. बहुतेक ठिकाणी तो सकाळी सात वाजायच्या आत येतो आणि संध्याकाळी चहाच्या वेळी परत येतो. सकाळी आंघोळीच्या वेळी तो निघून जात असेल तर फाटकाला कापडी पिशवी लटकवून ठेव आणि त्याला रोज दोन पोई, म्हणजे इथले चपटे पाव, टाकायला सांग. हिशेब महिन्याने होतो. कितीतरी घरांत अजून असंच चालतं.

पोदेर हा शब्द पोर्तुगीज 'पादेइरु'वरून आला, म्हणजे पाव भाजणारा. पावही त्याच वाटेने आला. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी घालत, त्यामुळे पावाला बारीकसा आंबूस वास असायचा. आता जवळपास सगळीकडे यीस्ट वापरतात, पण लाकडावर पेटवलेल्या भट्ट्या अजून आहेत आणि त्या भट्टीतला पाव वेगळा ओळखू येतो.

त्या टोपलीत काय काय असतं ते समजून घे, कारण प्रत्येक पावाचा उपयोग निराळा आहे.

साधा पाव मऊ, चौकोनी, एकमेकांना चिकटलेला असतो. ताजा असताना छान, पण पाणी लगेच शोषून घेतो. घरीच बसून खाणार असशील तेव्हाच तो घे. उंडो गोल असतो, त्याची वरची कवची कडक असते. पातळ रसाची भाजी, अंड्याचा रस्सा, असं काहीही त्यात भरलं तरी तो अर्धा तास दम धरतो. कातऱ्याचा पाव कात्रीने कापून फुलपाखरासारखा केलेला असतो. खायला गोड लागतो, पण सँडविचसाठी बेढब. कांकण हे कडक कडं, ते चहात बुडवून खायचं. आणि पोई. (कोकणीत काही जण तिला पोळी म्हणतात, तेव्हा गोंधळू नकोस. आपल्या पुरणपोळीशी तिचा संबंध नाही.) तुझ्या कामाची ती हीच.

पोई तळहाताएवढी, चपटी, वरून कोंडा भुरभुरलेली. भाजताना ती फुगते आणि आत पोकळ राहते. कड चिरली की आपोआप खिसा तयार. आतल्या दोन्ही थरांना कातडीसारखी पातळ साल असते, म्हणून तिच्यात ओल पटकन शिरत नाही. अस्सल पोई गव्हाच्या पिठाची. हल्ली बऱ्याच ठिकाणी मैद्याच्या पावाला वरून कोंडा लावून पोई म्हणून विकतात. फाडून आत बघ. आतला रंग पांढराशुभ्र असेल तर तो मैदा, मातकट असेल तर पीठ. दोन-तीन पोदेरांकडून घेऊन बघ आणि मग एकाला धरून राहा. आमच्या वाड्यावर सध्या पोई पाच रुपयांना मिळते.

आता रोजचं सँडविच सांगते. हेच मी तुला डोळे मिटून करायला शिकवेन, कारण एक शेगडी आणि एक तवा यांत ते पूर्ण होतं.

एक पोई, एक अंडं. खूप भूक असेल तर दोन अंडी. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. तुझी जेवणाची सुट्टी एक वाजता होत असेल तर दोनच घे.

मध्यम आचेवर तवा ठेव आणि कोरड्या तव्यावर पोई टाक. तिच्या बाजूला, तव्यावरच, बोटाने चार थेंब पाणी शिंपड आणि ताबडतोब झाकण घाल. एक मिनिट. या वाफेने कालची पोईसुद्धा मऊ होते. शिळा पाव कडक होतो तो सगळा पाणी सुकल्याने होत नाही. भाजताना फुललेला पिठातला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बांधला जातो. गरम वाफ मिळाली की ती बांधणी सैल होते. म्हणून लक्षात ठेव, पाव फ्रीजच्या कप्प्यात ठेवायचा नाही. तिथल्या थंडीत ही घट्ट होण्याची क्रिया बाहेरच्यापेक्षा जोरात चालते. संध्याकाळची पोई सकाळसाठी सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेव. पावसाळ्यात दीड दिवसापलीकडे ठेवू नकोस. घरमालकिणीच्या फ्रीजला वरचा बर्फाचा कप्पा असेल तर तिथे मात्र पाव आठवडाभर चांगला राहतो. सकाळी काढायचा, दहा मिनिटं बाहेर ठेवायचा आणि असाच वाफवायचा.

पोई गरम होतेय तोवर अंडं फोडून वाटीत घे. त्यात एक चमचा पाणी, चिमूटभर मीठ, चिमूटभर हळद, बारीक चिरलेला अर्धा छोटा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. टोमॅटो यात घालू नकोस. काट्याने तीस-चाळीस वेळा फेट. पाणी घातल्याने त्याची वाफ होऊन अंडं हलकं होतं. दूध घातलं तरी चालतं, पण त्यासाठी दुधाची पिशवी फोडायची गरज नाही.

पोई खाली उतरव, कडेने पाऊण भाग चिर आणि एका बाजूला बिजागरीसारखी जोडलेली राहू दे. पुस्तकासारखी उघड. तव्यावर एक लहान चमचा तेल, आच मध्यमच. अंडं ओत आणि तवा फिरवून पोईपेक्षा थोडं मोठं पसरव. आता घाई करायची ती इथेच. अंड्याचा वरचा भाग ओला असतानाच उघडलेली पोई, आतली बाजू खाली करून, त्यावर ठेव आणि तळहाताने हलकेच दाब. अंडं पोईला धरतं. चाळीस-पन्नास सेकंदांनी उलथण्याने सगळं एकत्र उलट. आता अंडं वर आणि पोईची साल तव्यावर. पोईबाहेर आलेल्या अंड्याच्या कडा आत दुमड, चटणी लावायची असेल तर याच अंड्यावर लाव, कांद्याच्या चार कच्च्या चकत्या ठेव आणि पोई मिट. मिटलेली पोई दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट शेक. झालं.

यातली युक्ती तुझ्या लक्षात आली का? अंडं पोईच्या आतल्या बाजूला लेपासारखं बसतं. चटणी अंड्याला लागते, पावाला लागतच नाही. पावावर लोणी लावतात तेही याच कारणासाठी. स्निग्ध थर असला की ओल आत जात नाही. पण दहा ग्रॅम लोण्याला सहा-सात रुपये मोजावे लागतात आणि लहान पाकीटही कप्प्यात जागा अडवतं. अंडं तेच काम करतं आणि पोटही भरतं. शाकाहारी सँडविच करशील तेव्हा मात्र लोण्यासारखा स्निग्ध थर हवाच. दुधावरची साय काढून ठेवत असशील तर तीच दोन्ही थरांना चोळ आणि तव्यावर आतल्या बाजूने शेक, म्हणजे पातळ खरपूस पापुद्रा येतो.

डब्यात न्यायचं असेल तर अंडं पूर्ण शिजलेलं हवं, मध्ये ओलसर राहिलेलं चालणार नाही. आणखी एक, ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. सँडविच गरम असताना बांधू नकोस. ताटलीवर उभं टेकवून तीन-चार मिनिटं ठेव, तेवढ्यात तू केस बांधशील. गरम सँडविच डब्यात कोंडलं की त्याची स्वतःचीच वाफ पाणी होऊन त्यावर बसते, आणि मग कितीही चांगली पोई असली तरी लगदा ठरलेला. सुती रुमालात गुंडाळून डब्यात ठेव. वर्तमानपत्रात मुळीच नको. छपाईची शाई अन्नाला लागते. आमच्या काळात सगळे तेच करत, मीही केलं, आणि आता ते आठवलं की मनाला लागतं. साडेसातला निघालीस तर साडेआठच्या आत खाऊन घे. एप्रिल-मेमध्ये तर पोहोचल्या पोहोचल्या खा. इथल्या उकाड्यात अंडं तास-दीड तासाच्या पुढे बाहेर ठेवणं बरं नाही.

खर्च मोजून बघ. पोई पाच, अंडं आठ, कांदा-मिरची-तेल-गॅस मिळून तीन-चार. सतरा रुपये. दोन अंड्यांचं पंचवीस.

आता चटणी. तुझी हिरवी चटणी पातळ होत असणार, कारण मिक्सर फिरावा म्हणून पाणी घालतेस. पाण्याऐवजी मूठभर डाळं घाल. एक जुडी कोथिंबीर धुऊन फडक्यावर अर्धा तास पसरायची, मग तीन-चार मिरच्या, चार लसूण पाकळ्या, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस आणि डाळं. डाळं पाणी ओढून घेतं आणि चटणी लोण्यासारखी लावता येते. काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये चार दिवस आरामात राहते. बरणीत ओला चमचा घालायचा नाही. मिक्सर नसेल तर घरमालकिणीकडे रविवारी पाच मिनिटं मागून घे आणि तिलाही वाटीभर दे.

गोव्यात आलीस म्हणून ओल्या नारळाची चटणी करून डब्यात नेशील, तर तसं करू नकोस. ओलं खोबरं उन्हाळ्यात दोन-तीन तासांत आंबतं. घरी बसून खाताना खुशाल घे. डब्यासाठी त्यापेक्षा तुझ्या कोल्हापूरची शेंगदाण्याची किंवा सुक्या लसणीची चटणी दसपट चांगली. आईला सांग, बरणीभर पाठव म्हणून. साय लावलेल्या पोईत दोन चमचे शेंगदाण्याची चटणी आणि कांदा घातला की ज्या दिवशी अंडं नसेल, उशीर झाला असेल, त्या दिवशी तीन मिनिटांत नाश्ता होतो.

काकडी-टोमॅटोबद्दल थोडक्यात. टोमॅटोची बी आणि गर काढून टाक आणि फक्त जाड साल-मांस वापर. काकडीला आधी मीठ लावायचंच असेल तर पाच मिनिटं ठेवून मुठीत पिळून घे. मीठ लागलेली काकडी पाणी सोडते, आणि ते पाणी पावातच जातं. सगळ्यात सोपं म्हणजे ती चकत्या करून वेगळ्या छोट्या डबीत ने आणि खाताना घाल.

रोज अंडं नको असतं, ते मला ठाऊक आहे. सोमवारी, गुरुवारी आमच्या हॉटेलात अंड्याचा तवा थंड असायचा आणि भाजीचं पातेलं दोनदा चढायचं. गोव्यातली नाश्त्याची खरी ओळख भाजी-पावच आहे. पातळ भाजी, सुकी भाजी, चण्याची, वाटाण्याची. पण पोईत भरून न्यायला मला सगळ्यांत आवडते ती अळसांद्यांची. अळसांदे म्हणजे आपल्या चवळीचे इथले मोठे भाऊ. भात कापून झाल्यावर त्याच शेतात थंडीत पेरतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायका मापाने विकायला बसतात तिथले घे, नाहीतर कुठल्याही वाण्याकडे मिळतात.

रविवारी सकाळी वाटीभर भिजव, संध्याकाळी शिजव. शंभर ग्रॅम सुक्या अळसांद्यांचे शिजून अडीचशे ग्रॅमच्या आसपास होतात, म्हणजे तुझी तीन सँडविचं. कुकर नसेल तर पातेल्यात झाकण ठेवून पाऊण तास. बोटाने दाबल्यावर चिरडला पाहिजे, पण साल शाबूत हवी. फोडणीला मोहरी, हिंग, कढीपत्ता, भरपूर कांदा, हळद, तिखट. शेवटी दोन आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ. आता सँडविचसाठीचा फरक: अर्धे अळसांदे डावाने ठेचून घे आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत परत. ठेचलेले उरलेल्यांना धरून ठेवतात, नाहीतर पोई चावली की सगळे दाणे मांडीवर. खोबरं घालू नकोस. थंड झाल्यावर तीन छोट्या डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेव. सकाळी एक डबी तव्यावर उलटायची, चांगली वाफ येईपर्यंत गरम करायची, साय लावून शेकलेल्या पोईत भरायची. पाच मिनिटं पुरतात. बटाट्याची सुकी भाजीही याच पद्धतीने करता येईल, पण ती दोन दिवसांच्या वर ठेवू नकोस.

उंडोची गोष्ट निराळी. रविवारी सुट्टी असेल तेव्हा गरम उंडो आण, आडवा काप, खालच्या अर्ध्यातला थोडा मऊ गर काढून खड्डा कर आणि त्यात आदल्या दिवशीची पातळ भाजी गरम करून भर. काढलेला गर त्याच भाजीत कुस्कर, ती घट्ट होते. हे डब्यात नेण्याचं काम नाही. ताटली मांडीवर घेऊन, दाराच्या पायरीवर बसून खायचं.

मासे खात असशील तर पावसाळ्यात एकदा सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किस्मूर करून पोईत भर. सुंगटं कोरडी भाजून, त्यात कांदा, खोबरं, मिरची, आमसुलाचं पाणी. एवढंच. डब्यात नको, कंपनीत वास सुटेल आणि खोबरंही आहे. घरमालकिणीला सांगितलंस तर तीच करून देईल, इथल्या कुठल्याही घरात ती येते.

वेळेचं गणित एकदा कागदावर लिहून तव्यामागच्या भिंतीला लाव. रात्री झोपण्यापूर्वी कांदा-मिरची चिरून वाटीत झाकून ठेवायची, अंडं आणि तेलाची बाटली ओट्यावर काढून ठेवायची, डबा पुसून उघडा ठेवायचा. सकाळी सहा पन्नासला तवा चढला की एक मिनिट पोई, एक मिनिट फेटणं, तीन मिनिटं भाजणं, चार मिनिटं गार करणं. सातला डबा बंद. पहिले तीन दिवस पंधरा मिनिटं लागतील, अंडं एकदा तरी फाटेल. फाटलं तर ते तव्यावरच चमच्याने परतून भुर्जी कर आणि खिशात भर. पोईला खिसा असल्याने ते चालून जातं.

आणि तवा बिडाचा असेल तर पहिल्या दिवशी अंडं चिकटेलच. त्याआधी दोन रात्री त्याला तेल लावून मंद आचेवर धूर येईपर्यंत तापव, पुसून ठेव, आणि साबणाने घासू नकोस. नॉनस्टिक असेल तर उलथणं लाकडाचं घे.